मदत हवी आहे: आर्ट बाझेल पाहण्याचे नियोजन – काही विकत घ्यायचे नसलेल्या प्रेक्षकाने काय आणि कसे पाहावे?

नमस्कार,

येत्या जूनमध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे भरणारा 'आर्ट बाझेल' हा कलामेळा पाहण्याचे मी ठरवले आहे आणि त्यासंबंधी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवत होते, आता निवृत्त आहे. मुलगी जर्मनीत फ्रायबुर्गला राहते. तिथून बाझेल रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे मुक्काम तिच्याकडेच असेल आणि रोज जाऊन-येऊन मेळा पाहता येईल, असा आमचा अंदाज आहे.

एर्न्स्ट बायेलर, ट्रुडल ब्रुकनर आणि बाल्झ हिल्ट या तिथल्याच तीन गॅलरीचालकांनी १९७० साली हा मेळा सुरू केला, तेव्हा त्यात दहा देशांतील नव्वद गॅलऱ्या होत्या. आता हा आकडा तीनशेच्या आसपास गेला आहे. माझी खरी अडचण इथेच आहे. एखाद्या चित्रासमोर शांतपणे बराच वेळ उभे राहिल्याशिवाय ते पाहिल्यासारखे मला वाटत नाही, आणि तीनशे गॅलऱ्यांत अशा पद्धतीने काहीच पुरे होणार नाही. सर्वांसाठी मेळा गुरुवार ते रविवार खुला असतो, असे समजते. त्यांपैकी किती दिवस प्रत्यक्ष मेळ्याला द्यावेत आणि कोणता भाग निःसंकोच सोडून द्यावा?

दुसरा प्रश्न वागण्याच्या रीतीचा आहे. आपल्याला काही विकत घ्यायचे नाही, हे समोरच्याला कळत असताना गॅलरीच्या बूथमध्ये शिरून प्रश्न विचारले तर चालते का? चित्रांचे फोटो काढू देतात का? माझा एक जुना विद्यार्थी उत्तम जलरंग करतो. त्याच्या चित्रांच्या छापील प्रती सोबत न्याव्यात आणि एखाद्या गॅलरीला दाखवाव्यात, असे त्याच्या घरच्यांनी सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

तिसरी गोष्ट माझ्या फार जवळची आहे. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांवर माझे आयुष्यभराचे प्रेम आहे, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामावर स्विस-जर्मन चित्रकार पाउल क्ले यांचा प्रभाव होता, हे वाचल्यापासून क्ले यांची मूळ चित्रे एकदा तरी डोळ्यांनी पाहावीत, ही इच्छा मनात आहे. ती मेळ्यात पाहायला मिळतील, की त्यासाठी बर्नच्या क्ले संग्रहालयात जावे? व्हिसाचा अर्ज स्विस वकिलातीकडे करायचा की जर्मन, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, नमस्कार. मी नोकरीनिमित्त बाझेलमध्ये राहतो आणि मेळा दरवर्षी पाहतो. माझा स्पष्ट सल्ला असा की मेळ्याला दोनच दिवस द्यावेत, तेही लागोपाठ नकोत.

पहिल्या दिवशी दालन क्रमांक १ मधील 'अनलिमिटेड' हा विभाग पाहा. बूथमध्ये मावणार नाहीत अशा प्रचंड कलाकृती तिथे एकत्र मांडलेल्या असतात: खोलीएवढी मांडणीशिल्पे, भिंतभर चित्रे, अंधाऱ्या खोल्यांत चालणारे व्हिडिओ. कलाकृतींमध्ये मोकळी जागा भरपूर असल्यामुळे तुम्हाला हवे तसे रेंगाळता येईल. दुसरा दिवस दालन क्रमांक २ साठी ठेवा. ते एका गोल अंगणाभोवती बांधलेले दोन मजल्यांचे दालन आहे. तळमजल्यावर मुख्यतः जुन्या, नावाजलेल्या गॅलऱ्या असतात आणि विसाव्या शतकातील मोठ्या चित्रकारांची कामे तिथेच सापडतात. वरच्या मजल्यावर समकालीन कामाचा भर असतो. तुमची आवड पाहता तळमजला सावकाश पाहावा आणि वरचा मजला नुसता फिरून घ्यावा. सकाळी अकराला दारे उघडतात, तेव्हाच आत जावे. दुपारनंतर, विशेषतः शनिवारी, अरुंद बूथमध्ये चित्रासमोर उभे राहणेही कठीण होते.

मंगळवार-बुधवार हे निमंत्रितांचे दिवस असतात आणि महत्त्वाचे बरेचसे व्यवहार तेव्हाच उरकतात. त्यामुळे गुरुवारनंतर गॅलरीतील माणसे तुलनेने निवांत असतात. बूथमध्ये जरूर शिरा आणि मोकळेपणाने विचारा. कागदावरचे काम आहे का, कोणत्या काळातले आहे, आधी कुणाच्या संग्रहात होते, अशा नेमक्या प्रश्नांना फार चांगली उत्तरे मिळतात, कारण दिवसभर किमतीच विचारल्या गेल्यावर चित्राविषयी कुणी विचारले की त्यांनाही बरे वाटते. किंमत सहसा चित्राशेजारी लिहिलेली नसते. कुतूहल असेल तर तीही विचारायला हरकत नाही. मात्र समोर कुणी गिऱ्हाईक बसले असेल तर थोडा वेळ थांबावे. फ्लॅश न वापरता फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही, पण कुठे मनाईची पाटी असेल तर ती पाळावी.

विद्यार्थ्याच्या चित्रांविषयी मात्र मी ठामपणे 'नको' म्हणेन. मुंबईत जहांगीर कलादालनात चित्रकार स्वतः अर्ज करून, भाडे भरून प्रदर्शन लावू शकतो, म्हणून आपल्याला तीच पद्धत सगळीकडे असेल असे वाटते. इथे चित्रकाराला थेट प्रवेशच नाही. गॅलऱ्या अर्ज करतात, गॅलरीचालकांचीच एक निवड समिती ते अर्ज तपासते आणि निवड झालेल्या गॅलऱ्या आपल्या चित्रकारांचे काम घेऊन येतात. मोठा खर्च करून मांडलेल्या त्या बूथवर अनोळखी चित्रकाराच्या प्रती पुढे केल्या तर त्या नम्रपणे परत केल्या जातील आणि मुलाच्या पदरी काहीच पडणार नाही. त्यापेक्षा त्याच्यासारख्या प्रकृतीचे काम मांडणाऱ्या मुंबईतील गॅलऱ्या त्याने स्वतः नियमित पाहाव्यात. ओळख तिथूनच होते.

उरलेले दिवस संग्रहालयांना द्या, असे मी आग्रहाने सांगतो. मेळ्यातले चित्र विकले गेले की एखाद्याच्या घरी जाते. संग्रहालयातली चित्रे मात्र सगळ्यांची आहेत. कुन्स्टम्युझियममध्ये, म्हणजे बाझेलच्या कला संग्रहालयात, धाकटा हान्स होल्बाइन या जर्मन चित्रकाराचे, थडग्यातील मृत ख्रिस्ताचे १५२१-२२ मधील चित्र आहे. लांबी दोन मीटर आणि उंची जेमतेम एक फूट, म्हणजे शवपेटीची एक बाजू काढून आत पाहावे तसे ते दिसते. त्या उजव्या हाताजवळ थांबा: बोटे कापडावर टेकलेली, मधले बोट लांबलेले, जखमेभोवतीची कातडी हिरवट-काळी पडलेली. शरीररचना शिकवलेल्या माणसाला ते सोडून निघणे जड जाईल. त्याच संग्रहालयात पिकासोची 'दोन भाऊ' आणि 'बसलेला हार्लेक्विन' ही चित्रे आहेत. ती विकली जाणार असे १९६७ मध्ये कळल्यावर बाझेलच्या नागरिकांनी रस्त्यावर उत्सव करून चोवीस लाख फ्रँक जमवले आणि शहराच्या तिजोरीतून साठ लाख देण्यास मतदानाने मंजुरी दिली. हे ऐकून पिकासोने या शहराला आणखी चार चित्रे भेट दिली. ती चित्रे पाहताना हा इतिहास लक्षात असावा.

मेळ्याच्या चौकातून, म्हणजे मेसेप्लाट्झवरून, २ क्रमांकाची ट्राम कुन्स्टम्युझियमला जाते आणि ६ क्रमांकाची शेजारच्या रीएन गावाला. रीएनमध्ये रेंझो पियानो यांनी बांधलेले, १९९७ मध्ये उघडलेले बायेलर संग्रहालय आहे. क्ले यांची चित्रे तिथल्या संग्रहातही आहेत, मात्र प्रत्येक वेळी मांडलेली असतीलच असे नाही. म्हणून बर्नला जाच. तिथल्या त्सेंट्रुम पाउल क्ले या संग्रहालयात त्यांची सुमारे चार हजार कामे आहेत. बरीचशी कागदावरची असल्याने उजेड मंद ठेवतात आणि कामे आळीपाळीने मांडतात. तेव्हा एखादे ठरावीक चित्र मनात धरून जाऊ नये. सोमवारी ते बंद असते, कुन्स्टम्युझियमही.

प्रतिसाद २

व्हिसापुरते सांगते. शेंगेन व्हिसाचा (युरोपातील बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा) अर्ज ज्या देशात जास्त दिवस मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा असतो, त्यामुळे तुमचा अर्ज जर्मनीकडे जाईल; स्वित्झर्लंड शेंगेन क्षेत्रात असल्याने त्याच व्हिसावर बाझेल आणि बर्न दोन्ही होईल. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. जूनची गर्दी असते, तेव्हा भेटीची वेळ लवकर घ्यावी. विम्याची रक्कम किमान तीस हजार युरो असावी लागते, आणि मुलीच्या निमंत्रणाची कागदपत्रे तिने तिथल्या कार्यालयातून वेळेत करून पाठवावीत.

फ्रायबुर्गहून येताना मुख्य स्थानकापर्यंत जाऊ नका. बाझेल बाडिशर बानहोफ हे स्थानक स्विस भूमीवर असले तरी जर्मन रेल्वेचे आहे आणि तिथून मेसेप्लाट्झ चालत गाठता येतो. पासपोर्ट रोज जवळ ठेवा. मुलीचे सिमकार्ड वापरणार असाल तर ते स्वित्झर्लंडमध्ये चालते का, हे आधी तपासा, कारण हा देश युरोपीय संघात नसल्याने काही योजनांत तिथले इंटरनेट वेगळे आकारतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. विद्यार्थ्याच्या घरी आजच तसे कळवते. आता गुरुवारी 'अनलिमिटेड', शुक्रवारी कुन्स्टम्युझियम, शनिवारी बर्न आणि रविवारी सकाळी दालन क्रमांक २ असा क्रम धरते आहे. रविवार शेवटचा दिवस असल्याने त्या दिवशी गॅलऱ्या चित्रे आधीच उतरवायला लागतात का? तसे असेल तर बर्न रविवारी ठेवून मेळा शनिवारी अकरा वाजता गाठेन.

प्रतिसाद १

संध्याकाळी सात वाजता मेळा संपेपर्यंत मांडणी तशीच असते. रविवारची सकाळ चांगली आहे, बदलू नका. गायतोंड्यांसाठी क्ले पाहायला जाणार आहात, तर बर्नला पूर्ण दिवस द्या आणि परतीचे तिकीट संध्याकाळचेच काढा.