त्रिनिदाद आणि बार्बाडोसच्या उत्सर्जनात एवढा फरक कसा काय?

भटका_ढग:
असाइनमेंटसाठी दोन छोट्या बेटदेशांचं फक्त ऊर्जेतून होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन कम्पेअर करायचंय. त्रिनिदाद-टोबॅगो आणि बार्बाडोस घेतले, म्हटलं शेजारी शेजारी आहेत, क्रिकेट पण एकाच टीमकडून खेळतात, थोडाफार फरक असेल. पण दरडोई सीओटू बघितला तर बार्बाडोस ४ टनांच्या आसपास आणि त्रिनिदाद थेट २० च्या वर! त्यात त्रिनिदादची वीज जवळपास सगळी नॅचरल गॅसवर आणि बार्बाडोस अजून फर्नेस ऑइल आणि डिझेल जाळतंय, म्हणजे खरं तर उलटं दिसायला पाहिजे ना? की डेटाच गंडलाय?

बॉयलरवाला:
डेटा नाही गंडला. एक गिगाज्यूल उष्णता काढायला गॅस जाळला तर साधारण ५६ किलो सीओटू, फर्नेस ऑइलला ७७, हे आयपीसीसीचे (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची तज्ज्ञसंस्था) डिफॉल्ट आकडे. म्हणजे इंधन त्रिनिदादचंच स्वच्छ. पण जाळतात किती ते बघा ना. त्रिनिदादच्या पॉइंट लिसासला अमोनिया आणि मिथेनॉलचे प्लांट ओळीने उभे आहेत, पॉइंट फोर्टिनला एलएनजीचा (द्रवरूप नैसर्गिक वायू) प्लांट, तिथे गॅस उणे १६० अंशांपर्यंत गार करून द्रव करतात, त्याला लागणारे अवाढव्य कॉम्प्रेसर फिरवायला तोच गॅस जाळतात, आणि हे सगळं भागायचं जेमतेम १४-१५ लाख लोकांत. घरातल्या दिव्या-पंख्याचा ह्यात काय संबंध! जहाजात भरून गेलेला एलएनजी जिथे जळतो त्या देशाच्या खात्यात जातो, तो गार करतानाचा धूर मात्र त्रिनिदादच्या.

कोपऱ्यातला_बाक:
वरचं पटलं, पण प्रश्नात "फक्त ऊर्जा" लिहिलंय त्याचं काय? अमोनियात गॅस दोन कामांना लागतो, भट्टी तापवायला आणि हायड्रोजन काढायला कच्चा माल म्हणून. २००६ च्या आयपीसीसी गाइडलाइन्सप्रमाणे अमोनियाच्या बाबतीत ह्या दोन्हींतून सुटणारा सीओटू औद्योगिक प्रक्रियांच्या खात्यात टाकतात, ऊर्जेच्या नाही. त्रिनिदादसारख्या देशात हा भाग मोठा असतो. त्यामुळे तुमचा २० वाला आकडा एकूण सीओटूचा आहे की नुसत्या ऊर्जेचा ते आधी तपासा, नाहीतर अख्खं कम्पॅरिझन बोंबलेल. उलट बाजूने, विहिरी आणि पाइपलाइनमधून गळणारा मिथेन ऊर्जेतच धरतात आणि तो नुसत्या सीओटूच्या तक्त्यात दिसतच नाही. मिथेन सीओटूच्या मापात आणायला गुणक कोणता लावलाय तेही बघा, जुन्या रिपोर्टात २१ असतो, नंतर २५, आता २८.

भटका_ढग:
बापरे, हे माहीतच नव्हतं 😅 आणि बार्बाडोसला एवढे टुरिस्ट येतात, त्यांच्या विमानांचं इंधन कुठे धरायचं?

बॉयलरवाला:
आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजांचं इंधन वेगळं दाखवतात, देशाच्या बेरजेत घेत नाहीत. पण हॉटेलांच्या एसीची वीज येते आणि ती भागली जाते फक्त तिथल्या पावणेतीन-तीन लाख रहिवाशांत. एक गोष्ट मात्र बार्बाडोसने भारी केलीय, १९७० च्या दशकापासून सोलर वॉटर हीटरला टॅक्समध्ये सवलत दिली, त्यामुळे घरोघरी छपरावर टाक्या दिसतात. तेवढी वीज कायमची वाचली.

सावली७७:
ट्रेंड काढणार असाल तर २०१८ च्या शेवटी त्रिनिदादची पॉइंट-आ-पिएरची रिफायनरी बंद झाली हे लक्षात ठेवा. तिथे ग्राफ उतरला तर लगेच "हरित धोरणाचं यश" लिहून मोकळे होऊ नका.
आणि सगळं खापर त्रिनिदादवर फोडणंही मला पटत नाही, तो अमोनिया आणि मिथेनॉल बाहेरचेच देश घेतात की.

कोपऱ्यातला_बाक:
बरोबर, पण इन्व्हेंटरी (देशाच्या उत्सर्जनाचा अधिकृत हिशेब) हद्दीवर चालते, धूर जिथे निघाला तिथे मोजायचा. कोणी वापरलं हा हिशेब वेगळा. मी असतो तर दरडोई आकडा एकदाच दिला असता आणि बाकी वीज, वाहतूक, कारखाने, गळती असं तोडून दोन्ही देशांचं एकच वर्ष शेजारी शेजारी मांडलं असतं. नुसती वाहतूक दरडोई काढून बघा, तिथे दरी बरीच कमी दिसेल.