भाजीचे पैसे पेरणीआधी द्यायचे का?

कोरडवाहू मास्तर
आमच्या गावाशेजारच्या सात शेतकऱ्यांनी मिळून एक गोष्ट मांडली आहे. चार महिन्यांचे चार हजार रुपये आधी द्यायचे आणि दर शनिवारी पाच-सहा किलोची टोपली घरपोच घ्यायची. टोपलीत काय येईल ते वावर ठरवणार. झड लागली, गारपीट झाली, डुकरांनी नासवलं, तर टोपली हलकी येईल, पैसे परत मिळणार नाहीत. रासायनिक खत-फवारणी नाही, आणि ज्याला बघायचंय त्याने केव्हाही वावरात येऊन बघावं.

मी सामील व्हायचं म्हणतोय. ज्याच्या घरात एक तारखेला पगार येतो अशा प्रत्येकाने व्हावं असं माझं मत आहे. घरात विरोध आहे. "दुधाच्या रतिबाचे पैसेसुद्धा महिना भरल्यावर देतो, न उगवलेल्या पालकाचे आधी कशाला?" हा आईचा सवाल.

माझं उत्तर असं. आपल्या तालुक्यात चारी बाजूंनी काळी कसदार जमीन आहे, आणि आठवडी बाजारात कोबी-टमाटर छिंदवाड्याकडचा, आलू यूपीचे, उरलेलं नागपूरच्या कळमना बाजारातून आलेलं. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने नागपूरला उतरलेली भाजी परत गावात आणून खायची, हा कुठला व्यवहार? शेतकऱ्याला पैसा लागतो मे-जूनमध्ये. तेव्हा तो कृषी केंद्राच्या उधारीवर बी-खत उचलतो, आणि दिवाळीला माल निघाला की पहिला हिशोब तिथेच. पीक गेलं तरी उधारी जात नाही. तीस घरांनी चार-चार हजार दिले तर एक लाख वीस हजार होतात, बिनव्याजी आणि ऐन गरजेला. आज सगळी जोखीम त्याची आहे. २०२५च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ जाहीर झाला आणि बाजार समितीत माल त्याच्या कितीतरी खाली गेला. तेव्हा आपण कोणी फरक भरून दिला नाही. टोपली हलकी आली तर आपलं दोन-अडीचशे रुपयांचं नुकसान आहे.

पऱ्हाटीवाला
मास्तर, मन चांगलं हाये तुमचं, पन हिशोब पगारवाल्याचा हाये.

माह्यं पाच एकर. पऱ्हाटी, सोयाबीन, मधात तूर. भाजी घरापुरती असतेच. विकाले काऊन लावत नाई ते आयका. भाजी जोरात येते दिवाळीनंतर, आन् तवाच कापूस फुटते. बाया वेचाले जातीन का तुमच्या पालकाच्या जुड्या बांधाले बसतीन? वेचनीले किलोमागं पैसे भेटते. दुसरं, ओलिताची लाईन, म्हंजे पंपाची वीज. आठवड्यातले निम्मे दिवस रातची. पऱ्हाटीचं एक पानी चुकलं तर चालते, मेथीचं नाई चालत. रातभर डुकराची जागल करा, पहाटे भाजी तोडा, मंग टोपल्या भरून गावभर वाटा. झोपाव कवा?

आन् एवढं करून दोन शनिवार टोपलीत नुसते वांगे गेले का तिसऱ्या शनिवारी फोन उचलत नाई कोनी. चार हजार तुमचे जातीन, नाव माह्यं जाईन. गावात राहाचं हाये मले.

देवळीकडची
मला या योजनेत वेगळीच गोष्ट खुपते. जोखीम वाटून घ्यायची म्हणता, पण कोणाकोणात? आमच्या गावात निम्म्याहून जास्त घरं मजुरीची आहेत. मजुरीचा हिशोब बाजाराच्या दिवशी होतो, त्या पैशातून त्याच दिवशी तेल, मिरची, भाजी. चार हजार आगाऊ देणं त्या घरांना जमणारच नाही. म्हणजे चांगली, बिनफवारणीची भाजी मास्तरांच्या, ग्रामसेवकांच्या आणि बँकवाल्यांच्या घरी. मजुराच्या घरी तोच कळमन्याचा शिळा कोबी.

दुसरी गोष्ट बाजारात पोतं अंथरून बसणाऱ्या बायांची. सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) चार जुड्या, थोडी चवळीची शेंग, पावसाळ्यात तरोटा-घोळ अशा रानभाज्या, एवढाच त्यांचा माल. त्याला गिऱ्हाईक कोण? पगारदार घरातलीच बाई. ती शनिवारच्या टोपलीवर निर्धास्त झाली की या पोत्यासमोर कोण उभं राहील? स्थानिक भाजी हवी तर ती आजही बाजारात आहे, फक्त घासाघीस न करता घ्या.

गावी परतलेला
थोडं मागचं सांगतो. जपानमध्ये १९७०च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट करार करून ही पद्धत वाढवली. अन्नातल्या विषाची भीती हे तेव्हाचं मोठं कारण. तिकडे तिला 'तेइकेई' म्हणतात. अमेरिकेत १९८६ साली दोन शेतांवर हे सुरू झालं, हंगामाआधी वाटा विकत घ्यायचा आणि पीक येईल तसं न्यायचं. ताईंच्या आक्षेपावर तिथल्या काही शेतांनी काढलेला मार्ग असा: ज्याला पैसे जमत नाहीत त्याने ठरलेले तास शेतात काम करायचं आणि वाटा न्यायचा. काही ठिकाणी हप्तेही चालतात.

देवळीकडची
दादा, तिकडे हौसेने शेतात येणाऱ्याला काम द्यावं लागत असेल. आमची बाई आठवडाभर दुसऱ्याच्याच वावरात निंदते. तिला आणखी निंदायला लावून वर भाजी द्यायची, ही तर धान्यावरची जुनी मजुरीच झाली. हप्त्याचं मात्र पटतं. आठवड्याचे आठवड्याला पैसे आणि अर्धी टोपली, असं ठेवलं तर बोला.

कोरडवाहू मास्तर
अर्धी टोपली ठेवा असं मी त्यांना सांगणार आहे. पण सगळ्यांनीच आठवड्याचे आठवड्याला दिले तर मे महिन्यातल्या उधारीचं काय? आधी देऊ शकतो त्याने आधी द्यावं, नाही त्याने नंतर. बाजारातल्या बायांचं म्हणणं रास्त आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एक मात्र खरं, सगळ्या घराची भाजी टोपलीतून भागणार नाही. सांभार, मिरची, लिंबू बाजारातूनच येणार.

संशयी सेलू
बिनविषारी कशावरून? शेजारच्या पऱ्हाटीवर पंपाने फवारा सुरू असतो, वारा टोपलीवाल्याच्या वांग्याकडे. वर चोरबीटी, म्हणजे तणनाशक सोसणारं बेकायदा कापसाचं बी, आल्यापासून धुऱ्यापर्यंत तणनाशक मारतात. घोळ आणि तरोटा आता शोधावा लागतो. अशा मधोमध अर्ध्या एकरात कसली आली बिनविषारी भाजी? कागद दाखवा, मग पैसे मागा.

कोरडवाहू मास्तर
कागदाची सोयही आहे. पीजीएस या सेंद्रिय प्रमाणपत्राच्या पद्धतीत गटातले शेतकरीच एकमेकांचं वावर तपासतात, थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला ते परवडतं. वाऱ्याचं म्हणाल तर शेजारच्या पिकाच्या बाजूने तुरीचा किंवा ज्वारीचा दाट पट्टा ठेवायचा. त्याने सगळं अडत नाही, कमी होतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. खाणाऱ्याच्या आधी फवारणाराच मरतो, हे त्या साली आपण सगळ्यांनी वाचलं. अर्ध्या एकरातली फवारणी थांबली तर तेवढीच थांबली, पण थांबली.

विहीर-बागायत
आम्ही भाजीच करतो म्हणून बोलतो. मास्तर, हे पावसाळ्यात सुरू करू नका. काळ्या जमिनीत आठ दिवसांची झड लागली की मुळाशी पाणी साचतं. पालक, मेथी, सांभार पिवळं पडून सडतं. भेंडी, दोडका, कारलं, कोहळं तेवढं तग धरतं. पहिल्याच महिन्यात नवखं गिऱ्हाईक चार वेळा दोडका खाणार आणि पऱ्हाटीवालेभाऊ म्हणतात तेच होणार. पैसे जूनमध्ये घ्या, बी-बियाणं त्यातून होऊ द्या, टोपली दिवाळीनंतर काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळं येतं: वालाच्या शेंगा, मुळा, गाजर, वांगी, टमाटर, हिरवा लसूण, तुरीचे हिरवे दाणे. मार्च संपत आला की विहीर खाली जाते, पंप तासाभरात हवा ओढायला लागतो. तिथे थांबा.

आणि टोपली म्हणजे निव्वळ भाजी असं कोणी सांगितलं? घरी भरडलेली तूरडाळ द्या, जवस द्या, ज्वारी द्या, समुद्रपूरकडची वायगावची हळद द्या. हा माल टिकतो, ज्या आठवड्यात भाजी कमी त्या आठवड्यात वजन भरून काढतो. डाळीत शेतकऱ्याला भाजीपेक्षा जास्त सुटतं, कारण तूर विकून डाळ विकत आणणं हा आपल्याकडचा सगळ्यात महागडा उद्योग आहे. चण्याचंही तेच.

पऱ्हाटीवाला
हे डाळीचं जमते. डाळीले रातची लाईन लागत नाई, डुक्कर डाळीच्या डब्यात येत नाई. भाजीचं मी तरी करनार नाई, ज्याले विहिरीले पानी आन् घरात मानसं भरपूर त्यानं कराव.

पन मास्तर, एक अट टाका. पैसे देनाऱ्यानं दोन हंगामाचं लिहून द्याव. शेतकऱ्यानंच लिहून द्याव, आन् खानाऱ्यानं मन मानन तसं सोडाव, असं कसं? एक वर्स बिघडलं म्हून तुम्ही सुटान, आमची बदली होत नाई कुठं.

संशयी सेलू
दोन हंगाम? चव न घेता? एक हंगाम कोऱ्या कागदावर, तेही हप्त्याने. माझं एवढंच.

कोरडवाहू मास्तर
दोन हंगामांचं लिहून द्यायला मी तयार आहे. बाकी एकोणतीस घरांचं मी कसं सांगू? शाळेतल्या सहकाऱ्यांपैकी तिघं हो म्हणालेत, त्यातल्या एकाला टोपलीत वांगी नकोत.

देवळीकडची
वांगी नको म्हणणाऱ्याला वर्ध्यात भाजी खायची आहे, त्याला आधी आवरा. आणि अर्ध्या टोपलीचं विसरू नका, मी चार घरं सांगते. पैसे बाजाराच्या दिवशी, आगाऊ नाही.