इंटर्व्हलला डेकोरेशन हवंच का?

घोडबंदर_फ्लोट: महाप्याच्या एमआयडीसीत रोबोटचा हात कुठे आपटणार नाही ना, हे तपासणारा कोड लिहितो. इंटर्व्हल अरिथमेटिक, म्हणजे एका आकड्याऐवजी [खालची कड, वरची कड] घेऊन हिशेब, वापरतोच. पण त्याचं स्टँडर्ड, आयईईई १७८८-२०१५, म्हणतं, इंटर्व्हलला शिक्काही (डेकोरेशन) लावा: कॉम (परिभाषित, संतत, परिबद्ध), डॅक (परिभाषित, संतत), डेफ (नुसतं परिभाषित), ट्रिव्ह (कसलीच हमी नाही), इल (इंटर्व्हलच अवैध). फंक्शन तिथे परिभाषित, संतत (न तुटणारं), परिबद्ध (अनंताला न जाणारं) आहे का, याची ही नोंद. दोन कडा म्हणजे दोन डबल (८ बाइटचे दशांश आकडे), १६ बाइट. त्यात एक बाइट वाढला की अलाइनमेंटमुळे (मेमरीत ८ च्या पटीत जागा) थेट २४! कडा बरोबर असल्या की झालं, बाकी ओझं.

वाशीची_गणिती: कडा बरोबर असूनही फसाल, दादा. √x − १ ला [−४, ४] द्या. वर्गमूळ ऋण भाग गुपचूप गाळून [०, २] देतं, वजाबाकीनंतर [−१, १]. मूळ इंटर्व्हलच्या आत बसलं, म्हणून ब्राउअरचं प्रमेय (संतत फंक्शन इंटर्व्हलला त्याच्याच आत नेत असेल तर एखादा x जागचा हलत नाही) लावून "स्थिर बिंदू आहे" म्हणाल. पण √x − १ = x ला वास्तव उकलच नाही. शिक्का ट्रिव्ह येतो आणि तिथेच अडवतो.

घोडबंदर_फ्लोट: त्यासाठी एक इफ पुरतो की.

वाशीची_गणिती: एका वर्गमुळाला पुरतो. पन्नास क्रियांच्या सूत्रात किती इफ लिहाल? डेकोरेशन वाटेतला सर्वांत कमकुवत शिक्का आपोआप पुढे नेतं.

ऐरोली_लोकल: तोच नियम भित्रा आहे. √(x·x) म्हणजे |x|, कुठेच तुटत नाही. [−१, १] वर गुणाकार दोन्ही x वेगळे समजून [−१, १] देतो आणि वर्गमूळ ट्रिव्ह म्हणून बोंब मारतं. अशा बोंबा रोज ऐकल्या की शिक्का कोण बघतो?

वाशीची_गणिती: वर्गाचं वेगळं फंक्शन वापरा: [०, १], शिक्का कॉम. सूत्र आळसाने लिहायचं आणि स्टँडर्डला बोल लावायचा, हे बरंय.

ऐरोली_लोकल: मग कॉम आणि डॅक वेगळे का? एक्स्पोनेन्शियलला (eˣ) [०, १०००] दिलं की डबलमध्ये ओव्हरफ्लो (आकडा मावत नाही), वरची कड अनंत, कॉमचा डॅक. घातांकाचा आवाका मोठा असलेलं स्वरूप घेतलं की परत कॉम. ही परिबद्धता फंक्शनची की मशीनची?

वाशीची_गणिती: हिशेबाची. आणि तीच हवी, वाटेत कुठेही अनंत आलं नाही हे कळतं.

बेलापूर_रात्रपाळी: टक्कर नाही एवढंच सिद्ध करायचं तर सांतत्य लागत नाही, कडा पुरतात. इथे फ्लोटभाऊंचं बरोबर. स्टँडर्डमध्ये बिनशिक्क्याचे इंटर्व्हलही आहेत, ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरच्या इंटर्व्हल पॅकेजात दोन्ही मिळतात.

वाशीची_गणिती: कोन काढताना आर्कसाइन (साइनवरून कोन, −१ ते १ मध्येच चालतो) आला की? [०.९, १.२] दिलं तर १ च्या पुढचं गाळून छान आटोपशीर उत्तर येईल. हात तिथे पोचतच नाही, हे त्या दोन कडांतून कसं कळणार?