अनुभव धागा: नाक्सोसचा समुद्र – किनारे, वारा आणि पाण्यातले खेळ

ग्रीसला सान्तोरिनी सोडून पोहायला कुठे जावं असं मागे कुणीतरी विचारलं होतं, तेव्हा बरेच जण नाक्सोस बेट म्हणाले, म्हणून वेगळा धागा काढतेय. जाऊन आला असाल तर लिहा, हॉटेलचं नको, पाण्यातलं लिहा.

मीच सुरुवात करते. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मोठ्या फेरीने पाचेक तास लागले, बंदरात शिरताना आधी पोर्टारा दिसतो, अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा. मुलं लहान म्हणून गावाला लागूनच आयिओस योर्गिओस किनाऱ्यावर राहिलो, पाणी इतकं उथळ की कितीतरी आत चालत गेलं तरी कमरेला लागत नाही. नऊ वर्षांच्या लेकीने तिथे तीन दिवस विंडसर्फिंगचे धडे घेतले. पहिला अख्खा दिवस शीड पाण्यातून वर ओढण्यातच गेला, शिकवणारी सारखी ओरडून सांगायची, पाठीने नको, गुडघे वाकव. तिसऱ्या दिवशी पोरगी वीसेक मीटर सलग गेली, वळता येईना म्हणून उडी टाकली आणि बोर्ड ढकलत परत आली. रात्री सोललेले तळवे दाखवत होती आणि उद्या परत जायचंच म्हणत होती.

*

ताई, लेकीला शाबासकी सांगा. माझा अनुभव सावध करणारा आहे, वाचाच. आम्ही ऑगस्टमध्ये आयिआ आना किनाऱ्यावर स्टँडअप पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) भाड्याने घेतला, दुपारी दोन वाजता, किनाऱ्याजवळ पाणी अगदी ताटासारखं. पण तिथे उन्हाळ्यात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा असतो, दुपारी वाढतो, आणि या किनाऱ्यावर तो जमिनीवरून समुद्राकडे ढकलतो, कोळी लोक मतलई म्हणतात त्या दिशेचा. काठावर कळतच नाही, दीडशे मीटर आत गेलो आणि उभं राहवेना. गुडघ्यावर बसून वल्हवलं तरी मागेच जात होतो. बोर्ड सोडून पोहत यावं असं फार वाटलं, पण घोट्याला बोर्डाचा पट्टा होता म्हणून थांबलो, पोटावर झोपून दोन्ही हातांनी पाणी मारलं, शेवटी एका मोटरबोटीने ओढून आणलं. भाड्याने देणाऱ्याने वाऱ्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता, याचा राग अजून आहे. बोर्ड सोडू नका, आणि जायचं तर सकाळी दहाच्या आत.

*

दादा, बोर्ड सोडला नाहीत हे फार बरं केलंत. मी मालवणचा, मला तिकडे सगळ्यात नवल वाटलं ते भरती-ओहोटीचं. जवळजवळ नाहीच! सकाळी खडकावर चप्पल ठेवली ती संध्याकाळी तिथेच कोरडी. पाणी आपल्यापेक्षा खारट, अंग आपोआप तरंगतं. आलिको किनाऱ्यावर सीडर म्हणतात ती ज्युनिपरची झाडं थेट वाळूपर्यंत आहेत, तिथल्या लहान खाड्यांत मास्क लावून पडलो, पाण्याखालचं गवत वाऱ्यावर भात हलावा तसं हलत होतं, पाच-सहा मीटर खालचा तळ स्पष्ट. खडकावर मात्र काळे सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे जीव) असतात, बायकोच्या टाचेत चार काटे मोडले, खाणावळीतल्या आजीने तेल लावून चिमट्याने एकेक काढले. पाण्यातले बूट घेऊनच जा.

*

छत्री-खुर्च्यांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. आम्हाला एका ठिकाणी टॉवेल टाकू देईनात, ऑर्डर द्या नाहीतर पुढे जा म्हणे. ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक आहे. शेजारच्या पारोस बेटावर 2023 मध्ये तिथल्याच लोकांनी याविरुद्ध टॉवेल घेऊन आंदोलन केलं, आणि 2024 पासून खुर्च्या पाण्यापासून किमान 4 मीटर मागे ठेवायचा नियम झाला. तेव्हा ओशाळून उठू नका. प्लाका किनारा लांबलचक आहे, दक्षिणेकडे चालत राहिलात की मोकळी वाळूच वाळू.

*

मी जर्मनीतून तीनदा गेलेय, तिन्ही वेळा सप्टेंबरात. पाणी अजून कोमट, वारा बराच निवळलेला. काइटसर्फिंग (पतंगाने ओढलेल्या बोर्डवरचा खेळ) करणारे मात्र वाऱ्यासाठीच मिक्री विग्ला किनाऱ्यावर येतात, त्यांनी जुलै-ऑगस्टच गाठावा. बोटीने रीना गुहेला जायचं असेल तर तिकडे रस्ता नाही, समुद्रातूनच जावं लागतं, म्हणून तो दिवस आधी ठरवू नका. आम्ही दोन दिवस थांबलो, तिसऱ्या दिवशी कप्तान स्वतः हाक मारायला आला, चला, आज समुद्र झोपलाय.

*

वरच्या ताई, गुहेत पोहू देतात का? सासूबाईंना पोहता येत नाही, त्यांना बोटीतच बसून राहता येईल ना?

*

हो, आम्ही आत पोहत गेलो, पाणी गार असतं. आई बोटीतच बसली होती, कप्तानाने कलिंगड कापून दिलं तिला.