जुनं मॅक्लेलन खोगीर घोडीला बसेना. काय करू?

नवखी_स्वार: लिलावातून जुनं अमेरिकन लष्करी खोगीर घेतलं. मधोमध लांब फट, पुढे पितळी बिल्ल्यावर ११½, चामड्यावर रॉक आयलंड आर्सेनलचा, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या कारखान्याचा ठसा. भिंतीवर टांगायचं नाहीये, रपेट करायचीय. पण घोडी पाठीने रुंद, खोगीर तिच्यावर अधांतरीच राहतं. ११½ माप तिला लहान पडतंय का? पैसे खोगिरातच संपलेत, स्वस्तातलं सांगा.

ऐटबाज: सरळ मापाचं नवीन शिवून घ्या. मी घेतलं, लोण्यासारखं बसलंय.

नवखी_स्वार: "पैसे संपलेत" वाचलंत का?

धूळधाण: फट आहे म्हणजे अमेरिकन यादवी युद्धातलं. जपून ठेवा, सोनं आहे.

रिकीबदार: फट सगळ्याच मॅक्लेलनना असते हो. १८५९ च्या मॉडेलचा लाकडी सांगाडा कच्च्या चामड्याने मढवलेला असायचा. १९०४ च्या मॉडेलवर कमावलेलं चामडं असतं, ताईंचं तेच वाटतंय. आणि ११½ हे स्वाराच्या बैठकीचं माप, इंचांत. घोड्याच्या रुंदीशी त्याचा काही संबंध नाही.

धूळधाण: आमच्या ओळखीत एकाकडे अस्सल युद्धातलं आहे, फटवालंच.

रिकीबदार: असेल. फटीवरून ठरत नाही, एवढंच म्हणतोय.

पाठदुखी: खाली दोन घोंगड्या जास्त घाला, बसेल.

चाबूकहरवला: अजिबात नको! सांगाडा आधीच अरुंद. घट्ट बांगडीत हात शिरत नाही म्हणून मनगटाला फडकं गुंडाळण्यातला प्रकार. मी हेच केलं होतं. महिन्याभरात घोड्याची पाठ लागली, नंतर तिथे पांढरे केस आले ते आजही आहेत. आधी घोंगडी न घालता नुसतं खोगीर ठेवा. दोन्ही लाकडी पट्ट्यांखाली तळहात पुढून मागे सरकवत न्या. कुठे अडकला तर तिथे टोचणार, मध्येच पोकळी लागली तर भार फक्त टोकांवर येणार. खांद्यांमधल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा हवी. आणि पट्टी शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये.

ऐटबाज: म्हणूनच म्हणतो, नवीन घ्या.

रिकीबदार: चाबूकशी सहमत. सैन्यातही घोंगडी सहापदरी घडी घालूनच टाकत, पण खाली बसणारा सांगाडा असेल तरच.

तेलकट: नीट्सफूट तेलात (गुरांच्या पायांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं) रात्रभर बुडवा, चामडं मऊ होऊन पसरेल.

चाबूकहरवला: चामडं पसरेल, आतलं लाकूड कसं पसरेल? उलट शिवण कुजेल. बोटाला लाल भुकटी लागत असेल तर ते चामडं गेलंच. पोटाखालच्या तंगाचे आणि पाय ठेवायच्या रिकिबीचे पट्टे तर नवेच लावा. माझा तंग चालत्या घोड्यावर तुटला होता, वर्णन करत नाही. पुढचा-मागचा भाग धरून हलकेच पिळूनही बघा. करकरलं तर सांगाडा तडकलाय.

पाठदुखी: मी तर आधीच म्हटलं होतं, पट्टे बदला.

धूळधाण: विका. मी घेतो.

नवखी_स्वार: तळहात फिरवून पाहिला, घोडीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना वरच अडकला. करकर नाही. मैत्रिणीचा म्हातारा घोडा सडपातळ आहे, त्याच्यावर हात सुळकन गेला. नवीन घेत नाही, विकतही नाही. घोडी आहे तशीच राहू दे, रविवारी मैत्रिणीचा घोडा मागून आणते. तंगाला आणि रिकिबीला नवे पट्टे शिवायला टाकलेत.

ऐटबाज: मग मैत्रिणीने काय करायचं?

नवखी_स्वार: ती माझ्या घोडीवर बसेल. तिच्या खोगिरासकट.