महाराष्ट्राला वेदनाशमन आणि आत्महत्या प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा हवा का?

माळरान

गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या एनसीआरबीच्या २०२२च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. आपल्याकडे बोललं जातं ते कर्जावर आणि नापिकीवर, आणि ते बोललंच पाहिजे. पण त्याच अहवालात कौटुंबिक कारणांच्या खालोखाल कारण आहे आजारपण: १८.४ टक्के. त्यात मनाचे आजार आले, तसेच कॅन्सर, लकवा, वर्षानुवर्षं न हटणारी दुखणीही आली.

माझ्या चुलत्यांना जबड्याचा कॅन्सर होता. शेवटी शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात डायक्लोफिनॅक या नेहमीच्या वेदनाशामकाच्या इंजेक्शनपलीकडे काही मिळेना. मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जालीम वेदनाशामकाच्या, गोळ्यांसाठी नागपूर गाठावं लागायचं. रात्र रात्र ते भिंतीला टेकून बसायचे, गमछा दातांत धरून. तशात "मला सोडवा" म्हणायचे. त्यांना मरायचं नव्हतं, दुखणं थांबायला हवं होतं.

म्हणून माझी मागणी अशी. राज्याने कायदाच करावा. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आणि ते द्यायला शिकलेला डॉक्टर असलाच पाहिजे. जीव द्यायचा प्रयत्न करून आलेल्या माणसाला समुपदेशकाची भेट झाल्याशिवाय घरी सोडू नये, आणि पुढे त्याची विचारपूस चालू राहावी. दाखला वेळेत मिळाला नाही तर २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने अपील करता येतं, अधिकाऱ्याला दंड होतो. मग दुखण्यावरच्या गोळीसाठी तसं का नको?

कलमदान

माळरान, तुमचं दुःख समजतं, तरी विरोध करतो. कायदा आहेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, लागू झाला मे २०१८मध्ये. कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची. कलम १८ तर फारच पुढे जातं: जिल्ह्यात ठरवून दिलेली किमान सरकारी सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने द्यायचा. किती जणांनी हा खर्च मागितला? ही लढाई मुंबई उच्च न्यायालयात १९८६ साली सुरू झाली. अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानणारं दंडसंहितेचं जुनं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. पुढे १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवलं, आणि ते हटायला २०२४चा जुलै उजाडला. इतक्या कष्टाने मिळालेलं वापरायचं सोडून नवा कायदा मागणं मला पटत नाही. जागा रिकाम्या आहेत, त्या भरा. कायद्यावर कायदा रचून डॉक्टर येत नाही.

खलबत्ता

सरकारी रुग्णालयात औषध निर्माता आहे, म्हणून आतलं सांगतो. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायचं तर परवान्यांवर परवाने लागायचे. एक हातात येईस्तोवर दुसऱ्याची मुदत संपायची. २०१४च्या दुरुस्तीने ते पुष्कळ सोपं झालं. संस्थेला एकच मान्यता लागते, राज्याच्या औषध नियंत्रकाकडून. तरी कपाट रिकामंच, कारण भीती गेलेली नाही. रजिस्टरमध्ये एका गोळीचा फरक आला तर काय, या धास्तीने मागणीपत्रच जात नाही. अफू शेजारच्या मध्य प्रदेशात पिकते, तिचा सरकारी कारखाना नीमचला आहे, आणि आमच्या वॉर्डात माणूस कण्हत पडलेला असतो. याचा मला मनापासून संताप येतो.

पण दंड नको. दंडाची भीती घातलीत तर डॉक्टर थेट नागपूरला रेफर करून मोकळे होतील. आधी शिकवा.

सातपुडा

मला इथे एक मोठा धोका दिसतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. आत्महत्या रोखायच्या म्हणता आणि त्याच कायद्याने खचलेल्या माणसाच्या घरात मॉर्फिन पोचवता? अमेरिकेत कंपन्यांनी ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या, गोळ्या साध्या पाठदुखीलाही खपवल्या आणि घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली.

माळरान

अमेरिकेचा पुढचा भागही बघा. राज्यांनी घाबरून इतके कडक नियम केले की ज्यांना खरोखर गरज होती त्यांच्या गोळ्या एकाएकी तोडल्या गेल्या. २०२२च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेला 'अशा अचानक बंद करू नका' असं बजावावं लागलं. मी पाठदुखीला मॉर्फिन मागत नाही. कॅन्सरला मागतोय.

पांदीवरची आशा

मी मराठवाड्यात आशा आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखायच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पात आम्ही घरोघर जाऊन प्रश्न विचारतो: झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का. बाई उंबऱ्यात बसून, पदराचं टोक पिळत, खालच्या आवाजात 'हो' म्हणते. आम्ही लिहून घेतो, वर कळवतो. टेली-मानस या सरकारी मानसिक मदतवाहिनीचा १४४१६ नंबर देतो. तो फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, कुणालाही तसं वाटत असेल तर जरूर लावावा. पण पुढच्या वेळी ती विचारते, "ताई, डॉक्टर कवा येणार?" आणि नवरा म्हणतो, "पोलीस केस होईल, गप बस." कायदा बदलला हे गावात कुणाला ठाऊकच नाही.

सातपुडा दादा, गोळ्यांचं म्हणाल तर महिन्याच्या एकदम देऊच नका. आठवड्याच्या द्या, ठेवायला घरातलं एक माणूस नेमा. केरळात ग्रामपंचायतीची नर्स घरी जाते, २००८पासून त्यांचं तसं धोरणच आहे. ती गेली की दुखणंही कळतं आणि मनही.

कलमदान

आशाताईंचा मुद्दा मान्य. पण वेदनाशमनाचं धोरण आपणही २०१२मध्ये केलं होतं. म्हणजे अडचण अंमलाची आहे, हेच मी म्हणतोय. २०१७च्या कायद्यात पुनर्विलोकन मंडळ आहे, तिथे लेखी तक्रार करा. मसुदा मी फुकट करून देतो.

माळरान

मसुदा घेतो, त्या बाईसाठी नक्की वापरू. पण त्या मंडळापुढे चुलत्यांचा जबडा नेता आला असता का? २०१७चा कायदा मनाच्या आजाराचा आहे, एनडीपीएस मॉर्फिन ठेवायची मुभा देतो, ठेवाच म्हणत नाही. आणि धोरण मोडलं म्हणून कुणाकडे दाद मागायची? खलबत्तांचं ऐकून दंडाचा आग्रह सोडतो. पण रुग्णालयात मॉर्फिन असलंच पाहिजे एवढं एक कलम राज्याने करावं, यावरून हटणार नाही.