तालमीच्या हॉलमध्ये आफ्रिकन-अमेरिकन चित्रांचं प्रदर्शन करायचंय, भिंतीवर काय लावू?

रंकाळ्याकाठी:
मंडळी, आमच्या तालमीचा वरचा हॉल गणपती सोडला तर रिकामाच असतो, तिथं आम्ही पेठेतली पोरं-पोरी मिळून छोटी गॅलरी करतोय. पहिलं प्रदर्शन आफ्रिकन-अमेरिकन कलेचं आणि इतिहासाचं, तेही फेब्रुवारीत, कारण कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वूडसन यांनी 1926 ला फेब्रुवारीतच या इतिहासासाठी एक आठवडा सुरू केला आणि 1976 पासून त्याचा महिना झाला. आता थोरली मंडळी विचारत्यात, ह्येचा आपल्याशी काय संबंध? आणि लावायचं काय, तर सगळे मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोटोच सुचवतात. मला चित्रं पाहिजेत ओ, पेठेतली बाई भाजी घेऊन जाताना वर येऊन बघंल अशी.

दसराचौककर:
संबंध विचारणाऱ्यांना 1873 सांगा. जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केलंय ते अमेरिकेत गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. 1946 ला बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं, तिकडचे कृष्णवर्णीय लोक संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज देतायत त्याच्या प्रती मिळतील का म्हणून, आणि त्यांचं उत्तरही आलं. शाहू महाराजांच्या गावात एवढं बास आहे.

रंगपेटी:
लई भारी कल्पना! चित्रकार जेकब लॉरेन्सपासून सुरुवात करा. अमेरिकेच्या दक्षिणेतनं लाखो कृष्णवर्णीय लोक कामासाठी, जीव वाचवायला उत्तरेकडं गेले, त्यावर 1940-41 मध्ये त्यानं 60 चित्रं काढली, वय तेव्हा तेवीसच्या आसपास. साठही फळ्या मांडून ठेवायचा आणि एक रंग घेतला की सगळ्यांवर तोच लावायचा, म्हणून सगळी चित्रं एका घरातली वाटतात. प्रत्येकाखाली साधी ओळ आहे, ती मराठीत करून लावा. फक्त त्या चित्रांचे हक्क आहेत, परवानगीशिवाय छापू नका, नाहीतर ती ज्या म्युझियममध्ये आहेत त्यांच्या साइटवरूनच पडद्यावर दाखवा. छापायला हेन्री टॅनरचं 'द बँजो लेसन' (1893) हे चित्र घ्या, म्हातारा मांडीजवळच्या पोराला बँजो, म्हणजे तारेचं वाद्य, शिकवतोय, ते आता सगळ्यांसाठी खुलं आहे. आणि डू बॉइस यांनी अटलांटाच्या विद्यार्थ्यांना घेऊन 1900 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी हातानं रंगवलेले तक्ते, जमीन किती, साक्षर किती, असले आकडे पण दिसायला एकदम आजच्या पोस्टरसारखे. ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत.

वाकळवाली:
मला चित्रांपेक्षा जीज बेंडच्या वाकळा लावाव्या वाटतात, म्हणजे त्यांचे फोटो. अमेरिकेतल्या अलाबामात नदीच्या वळणावरचं गाव, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतातले झिजलेले कपडे जोडून थंडीसाठी शिवलेल्या, आणि त्याच वाकळा 2002 ला न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये टांगल्या. मतदार नोंदणीसाठी लोक उठले तेव्हा 1962 मध्ये गावाची फेरी बोट बंद केली, ती 2006 ला सुरू झाली, हे पाटीवर लिहा. पेठेतल्या आज्यांना त्यांच्या जुनेराच्या वाकळा आणायला सांगा, समोरच्या भिंतीला. बायका नक्की येतील.

पाटी_बघा:
वाकळ जरूर लावा पण समोरासमोर ठेवताना 'दोन्हीकडं सारखंच' असं लिहू नका. त्यांचं त्यांच्या नावानं लिहा, शिवणारीचं नाव, गाव, साल. नाहीतर आपल्याच मोठेपणासाठी त्यांना वापरल्यासारखं होतं, मला ते पटत नाही.
आणि पैशाचं म्हणाल तर शिकागोचं साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर वाचा. सरकारी कला योजनेतनं मदत होती, पण इमारत लोकांनी घ्यायची होती. तेव्हा विशीतल्या मार्गारेट बरोज आणि बाकीची मंडळी रस्त्यावर उभी राहून दहा-दहा सेंटची नाणी गोळा करत होती. 1940 ला सुरू झालं, छायाचित्रकार गॉर्डन पार्क्सची डार्करूम तिथंच होती, आणि ती संस्था अजून त्याच इमारतीत आहे.

रंकाळ्याकाठी:
@पाटी_बघा पटलं, नाव-गाव-साल प्रत्येक पाटीवर. नाण्यांचं ऐकून आमच्या खजिनदाराचे डोळे चमकले, वर्गणी पेठेतनंच काढतो, बॅनरवर फोटो हवा असला प्रायोजक नको. आता सांगा, सनबोर्डवर छापू का साध्या कागदावर काचेच्या फ्रेममध्ये? हॉलला दोन्हीकडनं खिडक्या हायत, दुपारी ऊन थेट भिंतीवर येतं.

रंगपेटी:
सनबोर्ड मॅट फिनिशमध्ये घ्या, काच घेतलीत तर दुपारी चित्राऐवजी खिडकीच दिसंल. वाकळा मात्र उन्हाच्या भिंतीला नको, रंग उडतो.